४०० ऑर्डर, ६० मशीन, आणि जेनेटिक अल्गोरिदम साध्या ईडीडीच्या पुढे सरकेना

शेड्यूलग्रस्त

मंडळी, जरा मदत हवीये. जॉब शॉप आहे (प्रत्येक ऑर्डरचा मशीनवरून फिरायचा क्रम वेगळा), ६० च्या आसपास मशीन, कुठल्याही वेळी ४०० च्या वर ऑर्डर उघड्या असतात, एकेकीला सात-आठ-नऊ ऑपरेशन, म्हणजे सगळं मिळून साडेतीन हजाराच्या जवळपास. काही ऑपरेशन दोन-तीन मशीनपैकी कुठल्याही एकावर चालतात, सेटअपचा वेळ आधी त्या मशीनवर काय चाललं होतं त्यावर ठरतो, वर शिफ्ट आणि मेंटेनन्सच्या सुट्ट्या आहेतच.

मी पायथनात जेनेटिक अल्गोरिदम (जीए) लिहिलाय, म्हणजे बऱ्याच उत्तरांची पिढ्यान्‌पिढ्या निवड आणि मिसळ करत चांगलं उत्तर शोधायचं. क्रोमोझोम (एक उत्तर कसं लिहून ठेवलंय ते) म्हणजे प्रत्येक मशीनची एक यादी, त्या मशीनवर कुठली ऑपरेशन कुठल्या क्रमाने, अशा ६० याद्या. प्रत्येक यादीवर ऑर्डर क्रॉसओव्हर (दोन पालक उत्तरं मिसळून नवं पोर), मग थोडं स्वॅप म्युटेशन (कुठलीही दोन कामं अदलाबदल). अडचण अशी की क्रॉसओव्हरनंतर बहुतेक पोरं चालतच नाहीत, याद्या एकमेकींत अडकून बसतात. आधी न चालणाऱ्या शेड्यूलला पेनल्टी लावून पाहिली तर अख्खी पॉप्युलेशन पेनल्टीतच लोळत होती, मग रिपेअर लिहिला तर तो एवढी उलथापालथ करतो की पोर आईवरही जात नाही आणि बापावरही नाही. पॉप्युलेशन २००, जनरेशन ५००, एक शेड्यूल तपासायला साधारण ४० मिलीसेकंद लागतात म्हणजे एक रन तासाच्या वर जातो, आणि एवढं करून जे येतं ते नुसतं ड्यू डेटप्रमाणे सॉर्ट करून (हाच ईडीडी) कामं सोडली तरी येतंच, तेही सेकंदाच्या आत.

प्रश्न एवढाच, माझं एन्कोडिंग गंडलंय का एवढ्या मोठ्या प्रॉब्लेमला जीए चालतच नाही? वरच्या लोकांना "एआय" हवंय, मला फक्त ऑर्डर वेळेत जायला हव्यात.

गॅन्टवाला

जीए चालतो, पण तुम्ही त्याच्या डोक्यावर नको ते ओझं दिलंय. शेड्यूल कायदेशीर ठेवायचं काम क्रोमोझोमचं नाहीच मुळी, ते डिकोडरचं, म्हणजे क्रोमोझोम वाचून प्रत्यक्ष शेड्यूल बनवणाऱ्या कोडचं. क्रोमोझोमने फक्त सांगायचं कोणाचा नंबर आधी, बाकी जुळवाजुळव डिकोडर करेल.

याद्या का अडकतात ते छोट्या उदाहरणात बघा. तीन जॉब घ्या. क ला आधी लेथ ३ तास मग मिलिंग २ तास. ख चं उलटं, आधी मिलिंग २ मग लेथ ४. ग ला लेथ १ मग मिलिंग ३. आता तुमच्या पद्धतीने एका पालकाकडून लेथची यादी आली "आधी ख मग क" आणि दुसऱ्याकडून मिलिंगची आली "आधी क मग ख". दोन्ही याद्या आपापल्या जागी ठीक. पण ख लेथवर जायला आधी मिलिंग व्हायला हवं, मिलिंगवर त्याच्यापुढे क उभा, क मिलिंगला यायला आधी लेथ व्हायला हवं आणि लेथवर त्याच्यापुढे ख उभा. झालं, बसा आता एकमेकांकडे बघत. दोन मशीनवर ही गत तर ६० याद्या मिसळल्यावर एक तरी चक्र निघणारच, त्यात तुमच्या कोडचा दोष नाही.

आता याच्याऐवजी एकच लांब स्ट्रिंग ठेवा ज्यात प्रत्येक जॉबचं नाव त्याच्या ऑपरेशनइतक्या वेळा येतं. क पहिल्यांदा दिसला की त्याचं पहिलं ऑपरेशन, दुसऱ्यांदा दिसला की दुसरं. बियरविर्थने १९९५ मध्ये मांडलेली ही युक्ती आहे, पर्म्युटेशन विथ रिपिटिशन म्हणतात. कशीही पिसा, जॉबमधला क्रम मोडूच शकत नाही आणि चक्र पडूच शकत नाही कारण डिकोडर डावीकडून उजवीकडे एकेक ऑपरेशन बसवत जातो.

"ख क ग क ख ग" डिकोड करू. ख मिलिंगवर ० ते २. क लेथवर ० ते ३. ग लेथवर ३ ते ४. क मिलिंगवर ३ ते ५. ख लेथवर ४ ते ८. ग मिलिंगवर ५ ते ८. सगळं ८ तासात संपलं, आणि लेथवर एकूण काम ३+४+१ म्हणजे ८ तासच आहे, तेव्हा याहून कमी शक्यच नाही.

आता "क क ख ख ग ग" घ्या, आणि डिकोडर असा की प्रत्येक ऑपरेशन मशीनच्या रांगेत शेवटी टाकतो. क लेथ ०-३, क मिलिंग ३-५, ख मिलिंग ५-७, ख लेथ ७-११, ग लेथ ११-१२, ग मिलिंग १२-१५. पंधरा तास. तीच स्ट्रिंग, पण डिकोडर आधी मागची रिकामी फट शोधतो असं करा. ख ला मिलिंगवर ०-२ ची फट सापडते, मग ख लेथ ३-७, ग लेथ ७-८, ग मिलिंग ८-११. अकरा तास. क्रोमोझोममधलं एक अक्षर न हलवता १५ चे ११. तुमची बरीचशी सुधारणा इथेच लपलीये. याला अ‍ॅक्टिव्ह शेड्यूल म्हणतात, गिफलर आणि थॉम्पसनचं १९६० चं काम, आणि मेकस्पॅन (सगळं काम संपायला लागणारा वेळ) असो की उशीर, सगळ्यात चांगलं असं निदान एक शेड्यूल अ‍ॅक्टिव्हमध्ये असतंच, त्यामुळे फटी भरल्याने काही हातचं जात नाही. फक्त तुमच्याकडे सेटअप क्रमावर अवलंबून आहे तेव्हा फटीत घुसवताना दोन्ही बाजूंचा सेटअप मोजा, आधीच्याकडून याच्याकडे आणि याच्याकडून पुढच्याकडे. पुढचा सेटअप वाढला तर फट पुरत नाही, आणि नेमका हाच चेक लोक विसरतात.

क्रॉसओव्हरला ऑर्डर क्रॉसओव्हर सोडा, पीओएक्स वापरा. काही जॉब निवडा, ते पहिल्या पालकात जिथे आहेत तिथेच ठेवा, उरलेल्या जागा दुसऱ्या पालकाच्या क्रमाने भरा. वरच्या दोन स्ट्रिंग पालक धरून फक्त ख निवडला तर पोर येतं "ख क क ग ख ग". हे डिकोड करून बघा, शेड्यूल तंतोतंत पहिल्या पालकाचंच निघतं! स्ट्रिंग वेगळी, शेड्यूल तेच. ही या एन्कोडिंगची खोड आहे आणि मोठ्या प्रॉब्लेमवर ती फार नडते, कारण तुम्हाला वाटतं पॉप्युलेशनमध्ये वैविध्य आहे आणि आत सगळे एकाच शेड्यूलचे जुळे भाऊ बसलेले असतात. म्हणून डिकोड झाल्यावर सगळी ऑपरेशन सुरू होण्याच्या वेळेप्रमाणे लावायची आणि तीच स्ट्रिंग क्रोमोझोम म्हणून परत लिहायची, बरोबरी झाली तर मशीन नंबरने. मग जुळे लगेच सापडतात, काढून टाका.

सीपीवाली

थांबा थांबा, जीए सुधारायच्या आधी दुसरं काही करून बघितलंय का? ओआर-टूल्स लायब्ररीतला सीपी-सॅट हा सॉल्व्हर (अटी दिल्या की त्यात बसणारं सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) फुकट आहे, पायथनातून चालतो आणि जॉब शॉपवर भयंकर तगडा आहे. फिशर आणि थॉम्पसनचा १० जॉब १० मशीनचा प्रॉब्लेम १९६३ मध्ये छापला गेला, ९३० हे उत्तर सगळ्यात चांगलं आहे हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं, कार्लिए आणि पिन्सन यांनी केलं. क्रमांची संख्या बघितली तर दहा फॅक्टोरियलचा दहावा घात, म्हणजे एकावर पासष्ट शून्यांच्या पुढे. आज तोच प्रॉब्लेम सीपी-सॅट साध्या लॅपटॉपवर काही सेकंदात सिद्ध करून देतो. आणि जीए कधीच सांगणार नाही की तुम्ही उत्तरापासून किती लांब आहात, सीपी-सॅट खालची मर्यादा देतो (याहून चांगलं शक्यच नाही असा आकडा), वरच्या लोकांना दाखवायला तेवढं तरी हातात येतं.

आणि एक, आकार मोठा म्हणजे प्रॉब्लेम अवघड असं नसतं. तैयारच्या १९९३ च्या बेंचमार्क सेटमध्ये १०० जॉब २० मशीनवाले मेकस्पॅनसाठी तुलनेने सोपे निघाले आणि २० जॉब २० मशीनवाल्यांनी लोकांना वर्षानुवर्षं दमवलं. जॉब मशीनच्या मानाने खूप जास्त झाले की एखादं मशीन सतत भरलेलं असतं, ते सलग चालू ठेवलं की काम झालं.

गॅन्टवाला

हे मेकस्पॅनपुरतं खरं. यांना ड्यू डेट आहेत, त्यात सेटअप क्रमावर अवलंबून, वर पर्यायी मशीन आणि शिफ्टचं कॅलेंडर. साडेतीन हजार ऑपरेशनला असं मॉडेल लिहिलं की प्रत्येक मशीनवर कोणानंतर कोण याच्या जोड्यांचे व्हेरिएबल किती होतात मोजा, मेमरीच तोंडाला फेस आणते. पहिलं बरं उत्तर यायलाच वेळ जातो आणि ती खालची मर्यादा एवढी खाली असते की कोणाला दाखवायची सोय नाही.

सीपीवाली

सगळं एकदम घाला कोण म्हणतंय? जीएचं किंवा ईडीडीचं शेड्यूल घ्या, त्यातला एक तुकडा मोकळा करा, समजा चार मशीन किंवा दीड दिवसाची खिडकी, बाकी सगळं खिळवून ठेवा आणि तेवढा तुकडा सीपी-सॅटला द्या, दहा-वीस सेकंद. मग दुसरा तुकडा. लार्ज नेबरहूड सर्च म्हणतात. आकाराचा बाऊच राहत नाही. जीएपेक्षा हे जास्त देईल यावर मी पैज लावायला तयार आहे.

शॉपफ्लोअर_काका

तुम्हा दोघांचं चालू द्या. मी प्लॅनिंगमध्ये केस पांढरे केलेला माणूस, अल्गोरिदम फारसं कळत नाही, पण शेड्यूलग्रस्त, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट कुठेच नाही, तुम्ही नक्की कमी काय करताय? तासाभराचा रन कशाच्या मागे धावतोय? मेकस्पॅन असेल तर सोडा, मेकस्पॅन म्हणजे शेवटचं काम कधी संपतं, आणि चालत्या कारखान्यात शेवटचं काम नसतंच, रोज नव्या ऑर्डर येतायत.

दुसरं म्हणजे असलं सॉफ्टवेअर आमच्याकडेही आलं होतं. दर सकाळी नवं शेड्यूल, कालच्याशी काडीचा संबंध नाही. टूलिंग काढून ठेवलं, मटेरियल मशीनजवळ आणून लावलं, आणि सकाळी कागद म्हणतो हा जॉब आता गुरुवारी. सुपरवायझर लोकांनी आठवडाभर मान डोलावली आणि मग गुपचूप आपली वही काढली. शेड्यूल अडीच टक्क्यांनी सुधारलं का तीन टक्क्यांनी हे कोणी विचारलंही नाही. तेव्हा पुढचे निदान दोन दिवस गोठवा, त्याला हात लावायचा नाही, आणि त्यापुढचं हलवलं तर हलवण्याची किंमत लावा. मशीन बंद पडलं तर गोष्ट वेगळी.

आणि सेटअपचे आकडे कुठून घेतलेत? सिस्टममधले असतील तर एकदा घड्याळ घेऊन मशीनपाशी उभे राहा. आमच्याकडे सगळ्या सेटअपला सरसकट ३० मिनिटं भरलेली होती, कारण फॉर्ममध्ये ती जागा रिकामी सोडता येत नव्हती. खरे सेटअप दहा मिनिटांपासून पार चार तासांपर्यंत.

शेड्यूलग्रस्त

काकांचा प्रश्न बरोबर वर्मी लागला. आत्ता फिटनेस (जीए जो आकडा सुधारायला बघतो तो) म्हणजे मेकस्पॅन अधिक एकूण उशीर, दोन्ही सरळ बेरीज. सेटअपची मॅट्रिक्स मिळाली ती सिस्टममधलीच आहे, तिच्यात ३० नाही पण ४५ बरेचदा दिसतंय, आता संशय यायला लागलाय.

गॅन्टवाला, काल रात्री नवं एन्कोडिंग आणि फटी भरणारा डिकोडर बसवला. एकही शेड्यूल अडकलं नाही. पहिल्याच जनरेशनमधले रँडमसुद्धा जुन्या रनच्या शेवटच्या उत्तराच्या आसपास आलेत, जरा लाजच वाटली. पण शंभरेक जनरेशननंतर आलेख सपाट होतो आणि मग हलत नाही. पर्यायी मशीन मी डिकोडरलाच निवडू देतोय, जिथे लवकर संपेल तिथे. ते ठीक आहे का? आणि उशीर, सेटअप, काकांनी सांगितलेली हलवाहलव, एवढं सगळं असेल तर एनएसजीए-२ (एका वेळी अनेक उद्दिष्टं धरणारा जीए) घ्यायचा का?

गॅन्टवाला

सपाट होणारच, कारण नुसता क्रॉसओव्हर एवढ्या लांब स्ट्रिंगमध्ये बारीक काम करू शकत नाही. साडेतीन हजार लांबीच्या स्ट्रिंगमध्ये आंधळा स्वॅप केला तर बहुतेक वेळा काहीच बदलत नाही किंवा बिघडतं. याला उपाय म्हणजे लोकल सर्च, आणि तोही आंधळा नाही. मेकस्पॅनच्या बाबतीत सिद्ध झालेलं आहे की क्रिटिकल पाथवरची (सगळ्यात लांब साखळी, जिच्यामुळे शेवट ठरतो) एकाच मशीनवरची लागोपाठची दोन ऑपरेशन उलटली तर चक्र कधीच पडत नाही, आणि क्रिटिकल पाथला धक्का न लावता केलेली कुठलीही अदलाबदल मेकस्पॅन कमी करूच शकत नाही. नोविकी आणि स्मुटनिकी यांनी १९९६ च्या टॅबू सर्चमध्ये हे आणखी आवळलं, पाथवर एका मशीनवरचे सलग तुकडे असतात त्यांच्या फक्त टोकाच्या जोड्या बघायच्या, मधल्यांना हात लावून उपयोग नाही. त्यामुळे हजारो अदलाबदलींच्या जागी हातावर मोजण्याइतक्या उरतात.

तुमच्याकडे दोन फरक करावे लागतील. उशीर मोजताय तर प्रत्येक उशिरा जाणाऱ्या ऑर्डरपासून मागे चालत जा आणि तिला कोणी अडवलं तो पाथ काढा, सगळ्यात महागात पडणाऱ्या ऑर्डरपासून सुरुवात करा. आणि सेटअप क्रमावर अवलंबून असल्यामुळे ते टोकाच्या जोड्यांचं गणित तुम्हाला लागू नाही, मधल्या दोन उलटल्या तरी सेटअप वाचू शकतो, तेव्हा मधल्याही बघा. प्रत्येक पोरावर पूर्ण लोकल सर्च नको, वेळ जाईल, वरच्या दहा-पंधरा टक्क्यांवर करा. जीएमध्ये लोकल सर्च मिसळला की त्याला मेमेटिक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर जॉब शॉपवर जे जीए नावाजले गेले ते जवळपास सगळे आतून असेच आहेत, कष्ट लोकल सर्चचे आणि नाव उत्क्रांतीचं.

मशीन निवडीबद्दल, लवकर संपेल तिथे टाकायचं हे बहुतेक वेळा बरं, पण सगळे वेगवान मशीनकडेच धावतात आणि ज्या जॉबला दुसरा पर्यायच नाही तो त्याच मशीनसमोर तिष्ठत बसतो. दुसरी एक छोटी स्ट्रिंग ठेवा, लवचीक ऑपरेशनसाठी "डिकोडर ठरवेल" किंवा "हेच मशीन". सुरुवातीला बहुतेक पहिलं, म्युटेशनने हळूहळू दुसरं येऊ दे.

सुरुवातीच्या पॉप्युलेशनमध्ये ईडीडीचं शेड्यूल घाला, एटीसी नावाचा रूल आहे तोही, तो प्रोसेसिंगचा वेळ आणि ड्यू डेटपर्यंतची सवड दोन्ही बघतो. म्हणजे निदान ईडीडीच्या खाली जायचा प्रश्नच मिटला. पण दोनशेत दहा-पंधराच, नाहीतर सगळी पॉप्युलेशन त्यांच्याच वळणावर जाते.

आणि ते ४० मिलीसेकंद. डिकोडर तेवढा नंबामध्ये (पायथन कोड कंपाइल करून वेगवान करणारी लायब्ररी) किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहा, बाकी सगळं पायथनात राहू दे. ऑब्जेक्ट, डिक्शनरी काही नको, साधे इंटिजर अ‍ॅरे. लोकल सर्च लावल्यावर शेड्यूल तपासण्याची संख्या कितीतरी पटीने वाढते आणि तेव्हा डिकोडर हळू असेल तर बाकी सगळी हुशारी वाया.

एनएसजीए-२ बद्दल माझं मत जरा कडू आहे. देब आणि मंडळींचा २००२ चा पेपर उत्तम आहे, पद्धतही उत्तम, पण शेवटी प्लॅनरसमोर ऐंशी शेड्यूल ठेवून "निवडा" म्हणणार का? सकाळी सात वाजता? उशिराला ऑर्डरच्या महत्त्वाप्रमाणे वजन द्या, सेटअप तासात मोजा, हलवाहलवीला किंमत लावा, एकच आकडा करा. ती वजनं ठरवायला मात्र एकदा एनएसजीए-२ चालवून बघा, अर्धा तास सेटअप वाचवायला उशीर किती सोसावा लागतो हे त्या आलेखात लख्ख दिसतं.

सीपीवाली

वजनांबद्दल सहमत. बाकी पैज कायम आहे. हा मेमेटिक आणि माझा तुकड्या-तुकड्याचा सीपी-सॅट, दोन्हीला तोच डेटा आणि तेवढाच वेळ द्या, आणि जीए दर वेळी वेगळ्या रँडम सीडने चालवा, एकाच नशीबवान रनचा आकडा दाखवायचा नाही.

नियमजनक

उशिरा आलो पण एक वेगळी वाट सांगतो. तुम्ही सगळे शेड्यूल उत्क्रांत करताय. मी रूल उत्क्रांत करतो. जेनेटिक प्रोग्रॅमिंगने एक सूत्र काढायचं, प्रोसेसिंगचा वेळ, उरलेली सवड, पुढच्या मशीनसमोरची रांग, सेटअप, हे सगळं घेऊन प्रत्येक थांबलेल्या जॉबला एक आकडा देणारं, मशीन मोकळं झालं की सगळ्यात वरचा आकडा घ्या. ट्रेनिंगला सिम्युलेशनमध्ये भरपूर वेळ जातो पण तो एकदाच, रात्री-बेरात्री. नंतर मशीन बंद पडो, तातडीची ऑर्डर घुसो, उत्तर त्याच क्षणी. शेड्यूलच नाही तर बिघडणार काय.

तोटा असा की सूत्रं वाढत वाढत राक्षसी होतात, कंसात कंस, आणि अशा सूत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून सूत्राच्या लांबीवर मर्यादा घाला. आणि पुढच्या आठवड्यात कुठली ऑर्डर कधी निघेल हे सांगायचं असेल तर शेवटी सिम्युलेशन पुढे पळवूनच बघावं लागतं.

शॉपफ्लोअर_काका

म्हणजे ग्राहकाचा फोन आला की सूत्राला विचारायचं. बरं.

शेड्यूलग्रस्त

हाहा. नियमजनक, तुमचा रूल मी सुरुवातीच्या पॉप्युलेशनसाठी ईडीडी-एटीसीच्या जोडीला वापरून बघेन, तिथे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवायची गरज नाही.

क्रम असा धरतोय, आधी सेटअपचे खरे आकडे, निदान ज्या आठ-दहा मशीनवर रांगा लागतात त्यांचे, मग मेकस्पॅन काढून टाकून वजनी उशीर अधिक सेटअप, दोन दिवस गोठवलेले, मग डिकोडर नंबामध्ये, मग लोकल सर्च. त्यानंतर सीपीवालींची पैज. एकच शंका, गोठवलेल्या दोन दिवसांतली ऑपरेशन क्रोमोझोममध्ये ठेवायची का बाहेर?

गॅन्टवाला

बाहेर. डिकोडर सुरू व्हायच्या आधीच मशीनच्या टाइमलाइनवर ठोकून टाका, मेंटेनन्सची सुट्टी ठोकता तशीच. स्ट्रिंगही तेवढी आखूड होते. फक्त प्रत्येक मशीनवरचं गोठवलेलं शेवटचं ऑपरेशन कुठलं ते लक्षात ठेवा, पुढच्या पहिल्या जॉबचा सेटअप त्याच्यावरूनच निघणार.